फाट्यावरचं कॉलेज

"दोनशे बारा! मेहेत्रे रत्नमाला दिनकर!"

शिपायानं दारातून हाक मारली आणि माझी बायको अशी काही उठली की मांडीवरची फाइल घसरली. दाखले, गुणपत्रिका, फोटो, सगळं फरशीवर. शेजारच्या दोन मुली खाली बसून कागद गोळा करू लागल्या.

"अगं हळू. कॉलेज काही पळून नाही चाललं," मी म्हणालो.

"पळतंच आहे. सकाळी अकोल्यापुढं अकरा होत्या. आता दोन."

ती फळ्याबद्दल बोलत होती. अमरावतीच्या त्या सभागृहात भिंतीला एक भला मोठा फळा टेकवून ठेवला होता. त्यावर बी.एड.च्या कॉलेजांची नावं आणि प्रत्येकापुढं रिकाम्या जागांचा आकडा. गुणवत्ता यादीच्या क्रमानं नाव पुकारायचं, उमेदवारानं टेबलापाशी जाऊन कॉलेज सांगायचं आणि सही ठोकायची, अशी ती फेरी होती. सही झाली की शिपाई फडक्यानं जुना आकडा पुसायचा आणि एक कमी करून नवा लिहायचा. चुलीवर दूध ठेवून बाई जशी त्याच्याकडं पाहत बसते, तशी रत्नमाला सकाळी दहापासून त्या आकड्याकडं पाहत होती.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. टेबलापर्यंत पोचायच्या आधी थोडं मागचं सांगायला पाहिजे, नाही तर माझं वागणं तुम्हाला समजायचं नाही. समजून तरी काय करणार म्हणा, पण सांगतो.

मी जिल्हा परिषदेचा मास्तर. मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यात दोन शिक्षकांची शाळा, त्यातली तिसरी आणि चौथी माझ्याकडं. तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. रत्नमाला तिशीची, मराठी आणि भूगोल घेऊन लग्नाआधीच बी.ए. झालेली, आणि लग्नानंतर आठ वर्षं भाकरी थापत बसलेली. दुपार कलली की गल्लीतली पोरं आमच्या ओट्यावर गोळा व्हायची. ती त्यांना काही ना काही शिकवायची. जी पोरं शाळेत माझ्यापुढं मिठाची गुळणी धरून बसायची, तीच तिच्यापुढं एकमेकांना ढकलून उत्तरं द्यायची. मी हातपाय धुता धुता ऐकायचो आणि म्हणायचो, "बाई, माझ्या पोटावर पाय देता काय?" ती हसायची. मीही हसायचो.

बी.एड.चं तिनंच काढलं.

"नोकरी लागो न लागो," ती म्हणाली, "मला एकदा नीट शिकायचंय. पोराला एखादी गोष्ट कळत नाही, तेव्हा त्याच्या डोक्यात नेमकं काय होत असतं? ते कुणी तरी मला शिकवायला पाहिजे. मी आपली अंदाजानं दगड मारते."

अकोल्याचं ते जुनं कॉलेज आमच्या भागात नावाजलेलं. तिथं म्हणे तुम्ही पाठ घ्यायला उभे राहिलात की दोन-दोन प्राध्यापक मागच्या बाकावर वही उघडून बसतात, आणि तास संपला की सालटी काढतात. रत्नमालानं कुठून कुठून सगळी माहिती आणली. मुलींचं होस्टेल आवारातच, शनिवारी दुपारनंतर सुट्टी, संध्याकाळच्या एस.टी.नं बसलं की जेवायच्या वेळेला घरी. फक्त एक वर्ष. घोडं अडलं तर माझ्या मायपाशी अडेल, असा माझा हिशेब होता. आमचा सोहम चार वर्षांचा, मायचे गुडघे गेलेले. माय नाहीच म्हणणार. त्यामुळं मी अगदी मोठ्या मनानं म्हणालो, "माझी काही हरकत नाही. मायला विचार."

माय तांदूळ निवडत होती. मान वरसुद्धा केली नाही तिनं.

"जाऊ दे ना तिले. वरीसभराचा तं सवाल हाय. पोराले मी पाह्यतो. तू नव्हता काय डी.एड.साठी दोन वर्षं बुलढान्याले?"

झालं. मी तोंडावर आपटलो. "हो तर, अकोल्यालाच टाकू," असं मी त्याच ओट्यावर बसून म्हणालो. दोनदा म्हणालो. तेव्हापासून अमरावतीच्या दिवसापर्यंत रत्नमालाचे पाय जमिनीवर नव्हते.

त्या दिवशी सकाळी सभागृहाबाहेर चहा घेत होतो, तर पांढऱ्या सफारीतला एक गृहस्थ जवळ आला. डोईफोडे नाव. आमच्या गावाहून नऊ किलोमीटरवर फाट्याला नवीन कॉलेज निघालं होतं, शेतात तीन खोल्या आणि रस्त्यावर भली मोठी कमान. त्याचा हा कारभारी. आमच्याकडं सगळे त्याला 'फाट्यावरचं कॉलेज' असंच म्हणायचे.

"सर, तुम्ही गुरुजी ना? मग तर घरचंच काम. वहिनींना आमच्याकडं टाका," तो म्हणाला. "हजेरीचं टेन्शन नाही. परीक्षेला यायचं, बस."

"आणि शिकवतं कोण?" रत्नमालानं विचारलं.

"काय वहिनी! शिकवायला तर तुम्ही जाणार, आम्ही थोडेच?" आणि तो स्वतःच हसला.

"चाळीस सराव पाठ द्यावे लागतात ना?"

"वह्या द्यायच्या. घरात गुरुजी असताना वह्यांचा काय दुष्काळ?"

मी हसलो. रत्नमालानं अर्धा चहा तसाच ठेवला. आत जाताना म्हणाली, "असल्या कॉलेजात नाव घालण्यापेक्षा घरी बसलेली बरी." मी म्हणालो, "बरोबर आहे."

तर आता टेबल. टेबलापाशी तिडके मॅडम नावाच्या पन्नाशीच्या बाई होत्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. त्या अकोल्याच्याच कॉलेजातल्या आहेत हे आम्हाला रांगेत कळलं होतं. त्यांनी गुणपत्रिका पाहिली, रत्नमालाकडं पाहिलं.

"मराठी आणि भूगोल. छान. भूगोलाचे विद्यार्थी कमी येतात आमच्याकडं." मग पेनाचं टोपण काढलं. "बोला, कोणतं कॉलेज लिहू?"

रत्नमालानं तोंड उघडलं.

"फाट्याचं लिहा, मॅडम," मी म्हणालो.

मी काही ठरवून गेलो नव्हतो, शपथेवर सांगतो. पण बोललो मीच, आणि चांगला खणखणीत बोललो, वर्गात हजेरी घेतल्यासारखा.

तिडके मॅडमनी पेन तसंच धरलं. "उमेदवार कोण आहे?"

"ह्या."

"मग त्यांना बोलू द्या ना, सर."

"आमचं घरी ठरलंय."

रत्नमाला वळून माझ्याकडं पाहत राहिली. रागानं नाही. वर्गात हुशार पोराचं गणित चुकलं की आपण जसं पुन्हा एकदा वहीत डोकावून पाहतो, तसं. मॅडमनी टोपण परत लावलं.

"हे बघा, एकदा सही झाली की बदल नाही. पुढच्या फेरीतही नाव येत नाही. तुम्ही दोघं पाच मिनिटं बाहेर जाऊन या. पुढच्या नंबरला मी थांबवते." मग फक्त तिच्याकडं पाहून म्हणाल्या, "ताई, घाई करू नका."

बाहेर व्हरांड्यात माणसांची दाटी. आम्ही पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिलो. मीच सुरुवात केली, कारण मला गप्प राहवेना.

"सोहम लहान आहे गं. तुझ्याशिवाय झोपत नाही तो."

"मायपाशी झोपतो. गेल्या महिन्यात मी माहेरी गेले होते तेव्हा झोपला ना आठ दिवस?"

"मायचे गुडघे."

"मायनं स्वतः हो म्हटलं."

"लोक काय म्हणतील? मास्तरची बायको होस्टेलात राहते म्हणून?"

"मास्तर दोन वर्षं होस्टेलात राहिला, तेव्हा काय म्हणाले?"

"माझं वेगळं."

"काय वेगळं?"

हरायला लागलं की माणूस आवाज चढवतो, तसा मी चढवला. "सगळ्याला तुझं आपलं उलट उत्तर! पदवी पाहिजे ना तुला? पदवी मिळतेय. नऊ किलोमीटरवर मिळतेय. कागद तोच, शिक्का तोच. मग?"

तिनं टाकीची गळती तोटी घट्ट बंद केली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "अहो, एक सांगा. खरं कारण काय आहे? मला खरं सांगा. खरं असलं तर मी ऐकून घेईन."

आज अठरा वर्षं झाली, हे वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे. मी म्हणालो, "खरंच सांगतोय. पोरगा."

"सोहम?"

"हो. सोहम."

"बरं," ती म्हणाली.

आत गेली, खुर्चीवर बसली आणि मॅडमना म्हणाली, "हे म्हणतात तेच लिहा." तिडके मॅडम काहीतरी बोलायला गेल्या, मग त्यांनी लिहिलं. रत्नमालानं सही केली. तिची सही नेहमी लफ्फेदार असायची. त्या दिवशी पहिलीतल्या पोरासारखं सुटं सुटं नाव लिहिलं तिनं. आम्ही दारापर्यंत पोचलो नाही तोच दोनशे तेराव्या मुलीनं अकोला सांगितलं, आणि शिपायानं फडकं उचललं.

स्टँडवर तिनं सोहमसाठी मोसंबी घेतली. गाडीत मी सारखा बोलत होतो, तीही हो-नाही करत होती. मला वाटलं, चला, मिटलं.

मग ते वर्ष. डोईफोडे बोलला होता त्याहून सोपं गेलं. रत्नमाला कॉलेजात सगळी मिळून अकरा वेळा गेली असेल, त्यातले पाच दिवस परीक्षेचे. पहिल्या महिन्यात ती दोनदा तासाला म्हणून गेली होती. खोलीला कुलूप. शेजारच्या शेतातला माणूस म्हणाला, "बाई, इथं कोणी येत नाही. फार्म भरायचा असंल तं डोईफोडेच्या घरी जा." ती चालत परत आली.

चाळीस पाठांच्या वह्या मी लिहिल्या. शाळेतून आलो की ओट्यावर पाट मांडून बसायचो. उद्दिष्टं, शैक्षणिक साहित्य, प्रस्तावना, फलकलेखन, स्वाध्याय. माझं अक्षर चांगलं आहे, हात सरावलेला, एका बैठकीत दोन पाठ सहज व्हायचे. शेवटी निरीक्षकाचा शेरा असतो, तोही मीच लिहायचो, निराळ्या शाईनं. 'आवाज स्पष्ट.' 'विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम.' 'फलकलेखन सुधारावे.' सगळं उत्तम लिहिलं तर कुणाला खरं वाटत नाही, म्हणून पाच-सात पाठांना एकेक दोषही टाकला. आहे की नाही डोकं? ज्या बाईनं यातला एकही पाठ घेतला नव्हता, तिच्या फलकलेखनातले दोष मी तिच्याच घरात बसून काढत होतो.

एकदा ती चहा घेऊन आली आणि उभ्यानंच पान वाचू लागली. नदीच्या खोऱ्यांवरचा पाठ होता.

"या पाठात पोरांनी काय विचारलं?" तिनं विचारलं.

"विचारलं म्हणजे?"

"काहीतरी विचारलंच असेल ना. नदी समुद्राकडंच का जाते, डोंगराकडं का जात नाही, असं काही?"

"अगं, असं लिहीत नसतात. 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतात,' एवढंच लिहितात."

"अच्छा," म्हणाली आणि कप ठेवून आत गेली. त्यानंतर तिनं एकाही वहीला हात लावला नाही.

आणि मी काय हिरावून घेत होतो, हे मला माहीत नव्हतं असं समजू नका. मी स्वतः डी.एड.ला गेलो तेव्हा पक्का मठ्ठ होतो. चार माणसांत उभा राहिलो की पुढचं वाक्यच विसरायचो. आमच्या सुरडकर सरांनी मला पंधरा दिवस रिकाम्या बाकांपुढं उभं केलं. "बाकांना शिकव," म्हणायचे. "बाकं जांभई देत नाहीत, तोवर शिकून घे." स्वतः मागं बसायचे, रोज, पंधराच्या पंधरा दिवस. आज मी जो काही मास्तर आहे तो त्या खोलीत झालो. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी शेरे लिहीत होतो.

रत्नमाला पहिल्या वर्गात पास झाली. मी शाळेत पेढे वाटले.

दीड वर्षानं एका खाजगी हायस्कूलात भूगोलाची जागा निघाली. मुलाखतीला तिला घेऊन गेलो. मी बाहेर बाकावर, खिडकी उघडी, आतलं सगळं ऐकू येत होतं. मुख्याध्यापक वाकोडे म्हणून होते. माणूस भला वाटला. त्यांनी वह्या चाळल्या आणि खूश झाले.

"वा! टाचण कसं असावं तर असं. बाई, एक काम करा. हा सतरावा पाठ घ्या आठवीवर. 'प्रश्नकौशल्य उत्कृष्ट' असा शेरा आहे इथं. आम्हालाही दिसू द्या."

आत वही मिटल्याचा आवाज आला.

"सर, हा पाठ मी घेतलेला नाही," रत्नमाला म्हणाली. "हे अक्षर माझं नाही. आमच्या ह्यांचं आहे. शेरेपण त्यांचेच."

मी बाकावरून अर्धा उठलो.

"मला आठवीचा वर्ग द्या," ती पुढं म्हणाली. "कोणताही पाठ द्या. मी माझ्या पद्धतीनं शिकवते. तुम्ही मागं बसा आणि चुका सांगा. मला कुणीच कधी चुका सांगितल्या नाहीत सर."

मुलाखत घेणारे तिघं आपसात कुजबुजले. मग वाकोडे सर म्हणाले, "बाई, तुमच्या खरेपणाचं कौतुक आहे. पण हे आता आम्ही ऐकलं. ऐकल्यावर कसं घेणार तुम्हाला? उद्या कुणी विचारलं तर आम्ही काय सांगायचं?"

वर्ग काही त्यांनी दिला नाही.

मला काय वाटलं असेल? लाज? अहो कुठली लाज! मला तिचा राग आला. परतीच्या वाटेवर मी तिला फाडफाड बोललो. "काय नडलं होतं एवढं? सगळं जमत आलं होतं. गप्प बसून पाठ घ्यायचा की नाही?"

"पोरांपुढं उभं राहायच्या आधीच खोटं बोलू?" एवढंच म्हणाली. पुन्हा कुठं अर्ज केला नाही तिनं. ओट्यावर पोरंही हळूहळू येईनाशी झाली. तीच त्यांना म्हणायची म्हणे, "जा रे बाबांनो, खेळा." मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. संसार झाला. सोहम शिकला, पुण्याला गेला. माय गेली.

आणि गेल्या महिन्यात मी निवृत्त झालो.

शेवटची शाळा देऊळगावकडची. पोरांनी पताका लावल्या होत्या. सरपंच, केंद्रप्रमुख, मी मधल्या खुर्चीवर, गळ्यात हार. रत्नमाला समोर बायकांमध्ये पहिल्या रांगेत. भाषणं चालली होती, मी किती शिस्तीचा आणि किती वक्तशीर याची. तेवढ्यात एक तरुण उठला. पवन तायडे. त्या मेहकरकडच्या शाळेत चौथीला माझ्याकडं होता. आता भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार आहे. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, आपला विद्यार्थी.

"सरांनी मला पाढे शिकवले," पवननं सुरुवात केली. "पण मला एक निराळी गोष्ट सांगायची आहे. सर एकदा मतदार यादीच्या प्रशिक्षणाला चार दिवस गेले होते. दुसरे गुरुजी आजारी. तेव्हा बाईंनी शाळा सांभाळली होती. बाई समोरच बसल्या आहेत."

सगळ्यांनी रत्नमालाकडं पाहिलं.

"बाईंनी पटांगणावर चुन्यानं आख्खं गाव काढलं. नदी, देऊळ, विहीर, सगळ्यांची घरं. म्हणाल्या, आपापल्या घरावर जाऊन उभे राहा. मी उभा राहिलो. बाईंनी विचारलं, पवन, विहीर तुझ्या कुठल्या हाताला? मी म्हटलं, उजव्या. बाई म्हणाल्या, आता वळून उभा राहा. विहीर डाव्या हाताला गेली! मी घाबरलो ना. वाटलं, विहीर हलली. तेव्हा बाई म्हणाल्या, तू हललास, विहीर नाही. म्हणून पूर्व-पश्चिम लागते, ती आपल्याबरोबर हलत नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात जे उजाडलं, त्याच्यावर मी आज पोटाला खातो."

टाळ्या पडल्या. पवन वळला, हात जोडले. "बाई, तुमची नोकरी तर अजून बरीच असेल. सध्या कोणत्या शाळेवर आहात? माझ्या मुलीला तिथंच घालतो."

"कोणत्याच नाही रे बाबा," रत्नमाला म्हणाली आणि हसली. "मी घरीच असते."

त्याला वाटलं बाई थट्टा करताहेत. तो हसला, आणि कुणीच हसत नाही म्हटल्यावर गोंधळून खाली बसला.

आता जे इतका वेळ दाबून ठेवलं ते सांगतो. ते चार दिवस अमरावतीच्या फेरीच्या पंधराच दिवस आधीचे. मी परत आलो तर पोरं त्या चुन्याच्या गावावरून हलायला तयार नाहीत. मी दिशांवर प्रश्न विचारले. कच्ची पोरं, ज्यांना मी वर्षभर 'ढ' म्हणत आलो, ती फटाफट सांगत होती. चौदा वर्षं मी चौथीला दिशा शिकवत होतो आणि चौदा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. वर पोरं विचारतात, "सर, बाई उद्या येतील ना?" माझ्या पोटात दुखलं. बायकोच्या विद्येनं माझ्या पोटात दुखलं. काहीच न शिकता ही असं शिकवते, तर अकोल्याहून शिकून आल्यावर काय होईल? मग माझ्याकडं कोण पाहील? प्रार्थनेला अडचण होते म्हणून मी पोरांच्याच हातात खराटे दिले आणि ते गाव झाडून टाकायला लावलं. वर दोन बादल्या पाणी. सोहम, माय, होस्टेल, लोक, यातलं काहीही खरं नव्हतं. खरं एवढंच होतं.

सूत्रसंचालकानं मला सत्काराला उत्तर द्यायला उठवलं. मी माइकपाशी गेलो. हे सगळं तोंडाशी आलं होतं. समोर पवन होता, रत्नमाला होती. मी सरपंचांचे आभार मानले, केंद्रप्रमुखांचे मानले, शाळा व्यवस्थापन समितीचे मानले आणि खाली बसलो.

परतताना आम्ही दोघंच स्टँडवर उभे होतो. शाल आणि नारळ माझ्या हातात. मी म्हणालो, "तो नकाशा मी झाडायला लावला होता."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी पवन आला होता रडत. चुना लागलेला खराटा हातातच होता त्याच्या."

मला क्षणभर कळेना. मग कळलं. "म्हणजे अमरावतीला, त्या व्हरांड्यात, तुला..."

"ठाऊक होतं म्हणून तर विचारलं."

"मग तूच का नाही बोललीस माझ्या तोंडावर?"

"मी बोलले असते तर तुम्ही कबूल केलं असतं?" ती रस्त्याकडं पाहत बोलत होती, गाडी येते का ते पाहत. "तुमच्या तोंडून यायला पाहिजे होतं. एकदा म्हणाला असता, मला जड जातंय म्हणून, तर मी भांडले असते. चांगली कडाकडा भांडले असते आणि गेले असते अकोल्याला. नाही तर तुमच्यासाठी राहिलेही असते, काय सांगावं. पण तुम्ही पोराला पुढं केलं. पोराच्या आड उभ्या राहिलेल्या माणसाशी कसं भांडायचं?"

मेहकरची गाडी आली, गर्दी होती. तिनं माझ्या हातातून शाल आणि नारळ घेतला. मी रेटून पुढं चढलो आणि तिच्यासाठी खिडकीजवळची जागा धरली.